गंगेवरची नीमा

संध्याकाळी दुकान झाडलं की देठं निघतात, सडक्या पाकळ्या निघतात, दोऱ्याचे तुकडे निघतात. किस्से मात्र निघत नाहीत. ते कोपऱ्यात साचत जातात आणि कोणी चहाला टेकलं की आपोआप पुढे येतात. रामकुंडाजवळचं आमचं हार-फुलांचं दुकान सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीचं, त्यामुळे साठा भरपूर. पण गेल्या पावसाळ्यात नीमा आमच्याकडे राहायला आली आणि एकट्या तिचेच इतके किस्से झाले, की जुन्यांना आता कोणी विचारत नाही!

नीमा पंचवटीतल्या एका कॉलेजात बी. फार्मसी करायला आलेली. होस्टेल भरलं होतं म्हणून तिथल्या एका सरांनी मला फोन केला. "वहिनी, तुमची वरची खोली रिकामी आहे ना? मुलगी फार चांगली आहे. फक्त जरा लांबची आहे."

मी म्हटलं, "किती लांबची? धुळ्याची?"

सर म्हणाले, "थोडी पुढची. टांझानियाची."

*

सरांनी तिला पत्ता दिला तो दुकानाचा. नाशिकरोडच्या रिक्षावाल्याने तिची भली मोठी बॅग बघितली, "रामकुंड" एवढा शब्द ऐकला आणि तिला थेट घाटावर नेऊन उतरवलं. लांबून बॅग घेऊन रामकुंडावर येणारा माणूस कशासाठी येतो, हे नाशिकच्या रिक्षावाल्याला विचारावं लागत नाही.

घाटावरच्या एका गुरुजींनाही विचारावं लागलं नाही. ते लगबगीने पुढे झाले. "नेम? फादर्स नेम?"

नीमाच्या हातात कॉलेजची फाईल होतीच. तिला वाटलं, कॉलेजची माणसं घ्यायला आली! तिने घडाघडा नावं सांगितली.

"ग्रँडफादर?"

तिने आजोबांचं नाव सांगितलं.

"एक्सपायर्ड?"

"येस सर. लास्ट इयर."

"व्हेरी गुड," गुरुजी म्हणाले. मग पणजोबा झाले. मग गुरुजींनी गोत्र विचारलं. ते काही तिला कळेना, म्हणून त्यांनी इंग्रजीत घराणं, कूळ असं समजावलं. तिने आपल्या कुळाचं नाव सांगितलं. गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "काश्यप धरू."

मी समोर बसून हार ओवत होते. उंच मुलगी, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडलेली, केसांच्या असंख्य बारीक वेण्या, पाण्यात उभी राहून ओंजळीने आजोबांच्या नावाने पाणी सोडतेय! माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला. मग मी सुई टाकून धावले.

"अहो गुरुजी, ही आमच्याकडे राहायला आलीये! शिकायला!"

"मग कार्य कोणाचं?"

"कोणाचंच नाही!"

गुरुजी ओशाळले. दक्षिणेचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. पण पंचपात्र आवरता आवरता म्हणाले, "आता आजोबांना पोचलं ते पोचलं, वहिनी. परत कसं मागवणार?"

त्या संध्याकाळी, आम्ही तिला काही समजावायच्या आतच, नीमाने घरी फोन केला. तिचे वडील तिकडे शाळेत हेडमास्तर. तिने त्यांना सांगितलं, की ॲडमिशन व्यवस्थित झाली, कॉलेज फार शिस्तीचं आहे, पार पणजोबांपर्यंत चौकशी करतात. हेडमास्तर खूश झाले. त्यांचं खूश होणं तेवढंच, पुढचे बरेच दिवस!

*

आता गोदावरी हे नाव नाशिकला शाळेच्या पुस्तकात असतं आणि पुलावरच्या पाटीवर असतं. बोलताना ती गंगा. "गंगेवरून भाजी आण", "गंगेवर जाऊन बसलो होतो", सगळं गंगाच. नीमाही आठवड्याभरात तशीच बोलायला लागली. फोनवर वडिलांना म्हणाली, "मी रोज संध्याकाळी गंगेवर बसून अभ्यास करते."

हेडमास्तर शिकवतात भूगोल!

त्यांनी नकाशा काढला. नाशिक इकडे, गंगा कुठच्या कुठे तिकडे. लगेच व्हिडिओ कॉल. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकतर तू नाशिकमध्ये नाहीस, नाहीतर गंगेवर नाहीस. दोन्हींतलं एक काहीतरी खोटं आहे.

नीमाने घाबरून फोन माझ्याकडे दिला. मी बी.ए. आहे, पण ते मराठीत. मी म्हटलं, "सर, रिव्हर इज गोदावरी. बट गंगा."

"व्हाय 'बट'?"

आता 'व्हाय' काय सांगू? मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी अडखळतेय बघून सासूबाईंनी फोन ओढून घेतला. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही आणि त्याचं त्यांना कधी ओझंही वाटत नाही.

"नमस्कार! हिचे वडील का? बरं बरं. ही बघा गंगा." त्यांनी फोन नदीकडे वळवला. "दिसली? झालं तर मग!" आणि फोन बंद करून टाकला.

हेडमास्तरांचा परत फोन आला, तेव्हा ते नीमाशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले. तिचा चेहरा उतरत गेला. मग तिने आम्हाला सांगितलं, "बाबा म्हणतात, ज्या गावाला आपल्या नदीचं नाव धड माहीत नाही, ते गाव औषधांची नावं काय शिकवणार?"

तिच्या परतीच्या विमानाची सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली होती. पहिली सुट्टी लागायची दसऱ्याला. तोवर त्यांची खात्री पटली नाही, तर शिक्षण बंद, परत घरी. आणि एकदा परत गेलं की पुन्हा पाठवणार नाहीत, कारण तिच्या मागे धाकटी भावंडं होती. नीमाला फार्मासिस्ट व्हायचं होतं. लहानपणी औषधाच्या दुकानाबाहेर उभी राहून बाटल्यांवरची नावं वाचायची म्हणे. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, माझ्याही आलं. त्या दिवसापासून हेडमास्तरांची खात्री पटवणं हे आमच्या घराचं काम झालं.

*

आम्ही खात्री पटवायच्या मागे, आणि ही काय करेल याचा नेम नाही!

सायखेड्याचं एक कुटुंब नानांच्या दहाव्याला आलं होतं. पिंड ठेवला, सगळे लांब उभे राहून हात जोडून कावळ्याची वाट बघतायत. कावळा शिवेना. थोरला मुलगा म्हणाला, "नाना, धाकट्याचं लगीन मी लावून देतो." कावळा नाही. धाकटा म्हणाला, "नाना, विहिरीच्या पाण्यावरून भांडणार नाय." तरी नाही.

कावळे होते कुठे? चार पायऱ्या पलीकडे, नीमाभोवती! ती बटाटेवडा खात बसली होती. तिचं गाव मोठ्या तळ्याकाठी, पाखरांना घास टाकायची लहानपणापासून सवय. एक तुकडा स्वतःला, एक कावळ्याला असं तिचं मजेत चाललं होतं.

शेवटी एका म्हाताऱ्या काकांचा धीर सुटला. "ओ ताई, जरा तिकडं सरका ना! समदे कावळे तुमच्याकडंच जाऊ ऱ्हायले!"

नीमाला शब्द कळले नाहीत, पण आपलं काहीतरी चुकलं हे कळलं. ती दचकून उठली आणि हातातला अर्धा वडा उडाला तो थेट पिंडाशेजारी. कावळे तुटून पडले. आधी वडा संपवला, मग पिंडही.

नीमा तर रडायच्या बेतात. तेवढ्यात नानांच्या बायकोने तोंडाला पदर लावला, आणि आम्हाला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. "डॉक्टरनी तळलेलं बंद केलं व्हतं त्यांचं," त्या म्हणाल्या. "जाईपर्यंत वड्यापायी भांडले माझ्यासंगं!"

पुढे आठवडाभर लोक दुकानावर येऊन विचारायचे, "ती कावळेवाली ताई कुठं हाय?" ते ॲडमिशनवाले गुरुजी मला म्हणाले, "वहिनी, तिला सांगा, फार्मसी झाली की इथेच बस. हाताला गुण आहे."

हा किस्सा हेडमास्तरांना सांगायचा नाही, असं आमचं सगळ्यांचं ठरलं.

*

आमच्या गल्लीत सकाळी कोणी दिसलं की विचारायचं, "झाला का नाश्ता?" हा काही प्रश्न नसतो. समोरच्याने "झाला झाला" म्हणायचं आणि पुढे जायचं.

नीमा पडली हेडमास्तरांची मुलगी. खोटं बोलायचं नाही! पहिल्या दाराशी विचारलं, ती म्हणाली "नाही." मग काय, हात धरून आत, बशीभर पोहे. पुढच्या दाराशी तिला वाटलं, हा प्रश्न यांच्याकडच्या नाश्त्याबद्दल असणार. तिथेही खरं ते सांगितलं, "नाही." थालीपीठ. त्याच्यापुढे शिरा. गल्ली संपेपर्यंत मुलगी चालेनाशी व्हायची.

कॉलेजातून सरांचा फोन. "वहिनी, मुलीला खाऊ काय घालता? पहिल्या तासालाच झोपते!"

मी तिला समजावलं, "हे बघ, कोणी विचारलं की 'झाला' म्हणायचं."

"पण काकू, ते खोटं आहे."

"खोटं नाही, रीत आहे."

दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक दाराशी "झाला झाला" म्हणत सरळ निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका एकेक करून माझ्याकडे येऊन गेल्या. "काय गं, आमच्या हातचं आवडलं नाही का पोरीला?" आणि प्रत्येकीच्या हातात डबा!

*

सासूबाईंनी जन्मभर गजरे आणि वेण्या गुंफल्या. त्यामुळे नीमाच्या केसांकडे त्या बघायच्या ते धंद्याच्या नजरेने. एक दिवस तिला समोर बसवून त्यांनी ते केस पारखून बघितले. इतकी बारीक वीण, कुठे गाठ नाही, कुठे सैल नाही.

"ही कोणी घातली?"

"मी आणि माझी बहीण."

सासूबाईंनी एक वेणी हलकेच ओढून बघितली. मग म्हणाल्या, "इतका घट्ट हात आमच्याकडे कोणाचाच नाही." हे 'आमच्याकडे' म्हणजे मी, हे मला सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून नीमा रिकाम्या वेळेत दुकानात बसून ओवायला शिकू लागली, आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता मराठीही. आणि त्या बदल्यात म्हणा किंवा हौस म्हणा, सासूबाईंनी एका रविवारी स्वतःचं डोकं तिच्या हवाली केलं! पांढरे, विरळ केस, पण तिने कपाळापासून मानेपर्यंत बारीक वेण्यांच्या सुरेख ओळी घातल्या. तशाच त्या नऊवारी नेसून भजनी मंडळात गेल्या.

मी घाबरत घाबरत मागून गेले. म्हटलं, आता बोलणी खातायत. तर आत भजन बंद, पेटी बंद, टाळ बाजूला, आणि सगळ्या म्हाताऱ्या सासूबाईंभोवती. मंडळाच्या अध्यक्षबाई त्यांच्या डोक्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "उवांचं टेन्शनच नाही गं! डोक्याला हवा किती लागत असेल!"

पुढच्या रविवारी आमच्या ओट्यावर नंबर लागले होते.

*

मग पूर आला, आणि सगळं फिसकटलं.

नाशिकचा पूर फुटात मोजत नाहीत. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, चांगला उंच. पाणी त्याच्या कुठवर आलं, एवढंच लोक विचारतात. गुडघ्याला लागलं की दुकानं हलवायची, कमरेला लागलं की बघायला जायचं, छातीला लागलं की मात्र काळजी करायची. धरणातून पाणी सोडलं तशी आम्ही टोपल्या, पाट, वजनकाटा सगळं वर चढवलं. नीमा आमच्याबरोबर भिजत ओझी वाहत होती.

त्या दिवशी तिची टेस्ट होती. तिने सरांना फोन केला. "सर, पाणी मारुतीच्या कमरेला आहे. येऊ कशी?"

सर म्हणाले, "कमरेलाच ना? मग वरच्या पुलाने ये. गळ्याला लागलं की सुट्टी."

ती गेली, टेस्ट दिली, मार्कही चांगले पडले. पण तिकडे हेडमास्तरांनी मोबाईलवर नाशिकच्या पुराचा व्हिडिओ बघितला होता. त्यांचा फोन आला तेव्हा नीमा आमच्यातलीच होऊन गेलेली. ती अगदी शांतपणे म्हणाली, "काळजी करू नका बाबा. पाणी देवाच्या कमरेपर्यंतच आहे. गळ्याला लागल्याशिवाय इथे कॉलेजलाही सुट्टी देत नाहीत."

मग ते म्हणाले, "तू एकटी निघू नकोस. मी स्वतः न्यायला येतो."

नीमा जिन्यात जाऊन बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. एवढ्याशा दिवसांत ही मुलगी माझ्या इतकी जवळची कधी झाली, मला समजलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे. बाप आहे, येणारच." मग आत जाऊन त्यांनी भांडी जरा जास्तच आपटली.

*

हेडमास्तर दसरा झाल्यावर येणार होते. नीमाने बॅग भरून ठेवली होती.

फूलवाल्यांचा दसरा म्हणजे काय असतो, ते बघायलाच पाहिजे. सगळ्या नाशिकला एकाच सकाळी झेंडू लागतो. दाराला, गाडीला, मशीनला, देवाला. आणि त्यात आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. बाजारात सगळ्यांचा माल भिजलेला. आमच्या मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू आम्ही पाऊस यायच्या आत तोडून पत्र्याखाली पसरून ठेवला होता. कोरडी फुलं फक्त आमच्याकडे, हे कळल्यावर दुकानासमोर जी लाईन लागली, ती पार वळणापर्यंत.

घरातलं सगळं माणूस दुकानात. आमचे हे मळ्यातून माल आणतायत, सासूबाई गल्ल्यावर, मी तोरणं ओवतेय आणि गिऱ्हाईक नीमाकडे. मान वर करायची सोय नाही. तोंड मात्र सुरू. "ओला नाही मावशी, हात लावून बघा. दाबू नका दादा, फूल आहे. कमी नाही होणार. परवडत नाही. पुढे बोला!"

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. लाईनच्या बाजूला एक उंच गृहस्थ उभे. अंगात सूट, हातात बॅग, कपाळावर घाम. व्हिडिओ कॉलवर बघितलेला चेहरा मी लगेच ओळखला. माझ्या तोंडात दोरा होता, तो तसाच राहिला. दोन दिवस आधीच आले होते!

ते पुढे सरकले. दुकानाच्या फळीवर हात ठेवला. लगेच मागून आरडाओरडा. "ओ पाव्हणं! लाईन हाय इथं!"

नीमाने मान वर केली नाही. समोर फक्त एक हात दिसला असेल तिला. ती पिशवीत फुलं भरता भरता म्हणाली, "काका, मागून या. सगळ्यांनाच घाई आहे."

आणि हेडमास्तर मागे गेले हो! वळणापर्यंत चालत गेले आणि लाईनच्या शेवटी बॅग घेऊन उभे राहिले.

त्या गोंगाटात मला हाक मारता येईना, हातातलं तोरण सोडून उठता येईना. लाईन सरकत होती. ते एकेक पाऊल पुढे येत होते आणि लेकीकडे बघत होते. प्रत्येक गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, नीमा प्रत्येकाला पुरून उरत होती. एका आजींचं ओझं तिने मधेच उठून रिक्षात ठेवून दिलं, परत येऊन बसली, पुन्हा सुरू. शेवटी त्यांची पाळी आली.

"बोला काका, किती?"

त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. नीमाने वर बघितलं. तिच्या हातातली पिशवी सुटली आणि झेंडू घरंगळत गेला. ती उभी राहिली. मी सासूबाईंना कोपराने ढोसलं. "आलेत. हिचे वडील."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग मागच्या लाईनकडे बघितलं. "आलात का? बरं झालं," त्या मराठीतच म्हणाल्या. "या, बसा इकडे. ह्या पिशव्या, हा काटा. किलो किलो भरून द्या. बोलायचं ते मागून बोला."

ते त्यांना कसं समजलं, देव जाणे. त्यांनी कोट काढला, नीट घडी करून बॅगेवर ठेवला, बाह्या सारल्या आणि रिकाम्या गोणीवर मांडी घालून बसले. काटा बरोबर आहे की नाही, ते आधी तपासलं. मग भरायला लागले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. ते परतीचं कधी काढतात, या धास्तीने माझ्या तोरणातली पानं उलटसुलट लागत होती.

दुपार कलायला लागली. एक बाई आल्या, चांगल्या पैठणीतल्या, गॉगल लावलेल्या. फुलं चिवडून बघितली, भाव विचारला आणि नाक उडवलं. "एवढा कुठे भाव असतो? पलीकडे निम्म्यात देतायत. लावा ना कमी करून!"

नीमाने तोंड उघडलं. त्याच्या आधी गोणीवरून हेडमास्तरांचा खणखणीत आवाज आला.

"परवडत नाही, मावशी! पुढे बोला!"